टाकीच्या खांद्यावरची अक्षरं

मंडळी, पाठीला नळकांडं बांधून समुद्रात उतरणारी माणसं टीव्हीवर दिसली की आपण म्हणतो, "ती बघ ऑक्सिजनची टाकी." आधी हा गैरसमज दूर करू (मास्तरांची खोड, चालवून घ्या!). त्या टाकीत बहुतेक वेळा साधी हवाच असते. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत पाणी मावेल जेमतेम ११ लिटर. हवा मात्र २०७ बार दाबाने सुमारे २२०० लिटर कोंबलेली असते.

अमेरिकेतल्या पुतण्याने विचारलं, "काका, तारकर्लीला येताना माझी टाकी आणू का? हवा तिकडे भरून मिळेल ना?" समुद्र तोच, हवा तीच, मग अडचण काय? अडचण इतिहासाची आहे.

१९४३ साली, जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये, नौदलातले जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग तयार केलं. गान्यां हे एअर लिक्विद या गॅसच्या कंपनीतले इंजिनियर. युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून गॅसवर मोटारी चालवण्यासाठी त्यांनी एक झडप बनवली होती, तीच सुधारून इथे कामी आली. झडप नवी, पण टाकी मात्र कारखान्यातल्या गॅस सिलिंडरची सख्खी बहीण. आणि सिलिंडरांचे कायदे पाणबुड्यांचा विचारही न करता आधीच झालेले होते!

अमेरिकेत सिलिंडर हा वाहतुकीचा धोकादायक माल मानला गेला. म्हणून जुन्या टाक्यांवर तिथल्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाची अक्षरं दिसतात, आणि १९६७ साली वाहतूक खातं सुरू झाल्यावर त्या खात्याची. आपल्याकडे इंग्रजांनी १८८४चा स्फोटकांचा कायदा केला होता. १९३८ साली सिलिंडरमधला दाबलेला गॅसही त्यात घातला आणि १९४०मध्ये त्याचे नियम आले. ॲक्वालंगच्या जन्माआधीच! ते नियम पुढे बदलत गेले, सध्याचे २०१६चे. स्फोटक खात्याचं मुख्यालय आहे आपल्या नागपुरात. म्हणजे डुबकी मालवणच्या समुद्रात, पण टाकीची मंजुरी नागपूरची. गंमत आहे की नाही? :-)

प्रत्येक टाकीच्या खांद्यावर, गळ्याच्या खाली, ही सगळी कुंडली ठोकलेली असते: कोणत्या देशाचा नियम, कोणता धातू, किती दाब, चाचणी कधी झाली. अमेरिकेत दर ५ वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते. टाकी नेमून दिलेल्यापेक्षा जास्त दाबाने फुगवायची आणि दाब सोडल्यावर ती मूळ आकाराला परत येते का ते मोजायचं. ब्रिटनमध्ये ५ वर्षांनी चाचणी आणि अडीच वर्षांनी आतून पाहणी. ऑस्ट्रेलियाने तर कित्येक वर्षं दरवर्षी चाचणीचा दंडक ठेवला होता. अमेरिकेत दुकानदार दरवर्षी आतून पाहणी केल्याशिवाय भरत नाहीत. हा सरकारी कायदा नव्हे, धंद्यातली शिस्त.

मला ही कटकट वाटत नाही. टाकी फुटण्याचा धोका सर्वांत जास्त कोणाला? पाणबुड्याला नव्हे, भरणाऱ्याला. तो पोऱ्या दिवसभर त्या कॉम्प्रेसरशेजारी उभा असतो. ६३५१ नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूपासून बनवलेल्या जुन्या टाक्यांच्या मानेत चिरा पडत. त्यातल्या काही फुटल्या, माणसं जायबंदी झाली. अमेरिकन सरकारने २००६ साली त्यांच्या मानेच्या खास तपासणीचा नियम केला, पण त्या बाद केल्या नाहीत. पुष्कळ दुकानदार मात्र त्या हातातही घेत नाहीत. योग्यच करतात.

युरोपातल्या देशांनी मात्र आपसात शहाणपणा केला. १९९९च्या निर्देशानुसार टाकीवर ग्रीक अक्षर 'पाय' उमटू लागलं (हो, वर्तुळाच्या परिघातलं तेच!). एका देशात पास झालेली टाकी दुसऱ्यानेही मान्य करायची. पुढे ब्रिटन संघातून बाहेर पडलं आणि त्यांनी आपलं 'ऱ्हो' अक्षर काढलं. अमेरिकन दुकानदाराला पाय काय नि ऱ्हो काय, त्याच्या वाहतूक खात्याची अक्षरं नसतील तर तो टाकी परत करणार.

असो. पुतण्याला कळवलं आहे: तिकडच्या विमानतळावर टाकीची झडप पूर्ण काढून, तोंड उघडं ठेवूनच ती नेऊ देतात, आणि इथे आणून नागपूरच्या मंजुरीवाचून कोणी भरायची नाही. मास्क आण, पायातले पंख आण. टाकी इथेच भाड्याने घे, आणि घेताना तिच्या खांद्यावरची तारीख वाच.