पोकर: सुरुवातीच्या जागेवरून मोठ्या पॉकेट पेअर कशा खेळायच्या?

टेक्सास होल्डेममध्ये हातात आलेली दोन्ही पानं एकाच किमतीची असली की त्याला पॉकेट पेअर म्हणतात. 52 पानांतून दोन पानांचे 1,326 वेगवेगळे हात बनतात आणि त्यातले फक्त 6 हात दोन एक्क्यांचे. म्हणजे सरासरी 221 डावांत एकदा.

आता जागेचं बघू. नऊ जणांच्या टेबलावर बिग ब्लाइंडच्या लगेच डावीकडे बसलेल्याला फ्लॉपच्या आधी सगळ्यात पहिल्यांदा खेळावं लागतं. मागे आठ जण बाकी. फ्लॉपनंतरही दोन ब्लाइंड सोडले तर सगळे तुमची चाल बघून मग आपली ठरवतात. माहिती त्यांच्याकडे जास्त, तुमच्याकडे कमी.

म्हणून बरेच नवखे एक्के आले की नुसता कॉल करतात, म्हणजे लिंप. डोक्यात असतं, 'कुणीतरी रेझ करेल, मग पकडू.' पण कुणीच केलं नाही तर? पायथॉनमध्ये छोटं मॉन्टे कार्लो सिम्युलेशन लिहून बघा. कुठल्याही एका हातासमोर एक्के साधारण 85 टक्के वेळा जिंकतात, चार हातांसमोर 56 टक्के, आठ हातांसमोर जेमतेम 35.

तुम्ही म्हणाल, नऊ जणांत 35 टक्के म्हणजे वाट्यापेक्षा खूप जास्तच की! बरोबर. पण लिंपमुळे पॉट लहान राहतो, बिग ब्लाइंडला फ्लॉप फुकट दिसतो आणि 8-7-6 असा बोर्ड आला की कुणाकडे काय आहे याचा पत्ताच लागत नाही. त्यापेक्षा बिग ब्लाइंडच्या अडीच-तीन पट रेझ सरळ. ब्लाइंड 50/100 असतील तर 250 ते 300. आणि हीच रक्कम बाकीच्या चांगल्या हातांनाही ठेवा, नाहीतर आकड्यावरूनच तुमचा हात ओळखू येतो.

2019 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकने बनवलेला प्लुरिबस हा एआय सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये व्यावसायिक खेळाडूंना भारी पडला. तो माणसांचे डाव न बघता स्वतःशीच खेळून शिकला होता, आणि स्मॉल ब्लाइंडची जागा सोडली तर त्यानेही लिंप टाकून दिला.

खरी डोकेदुखी राण्या आणि गुलामांची. फ्लॉपवर तुमच्या जोडीपेक्षा मोठं पान येण्याची शक्यता राजांना 23 टक्के, राण्यांना 41 आणि गुलामांना तब्बल 57. हातात राण्या, बटणवरच्याने कॉल केला आणि फ्लॉप राजा-7-2 आला, तर पॉटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी एक बेट ठीक आहे. त्यावर मोठा रेझ आला तर बहुतेक वेळा पानं टाकलेली बरी. राण्या आहेत म्हणून जीव अडकवू नका.

फ्लॉपच्या आधीच कुणी री-रेझ केला तर एक्के-राजांनी पुन्हा रेझ. मागच्या आठांपैकी कुणाकडे तरी एक्के असतील ही भीती राजांना वाटते, पण ते साधारण 25 वेळांत एकदाच होतं. राण्यांसमोर एक्के किंवा राजे मात्र जवळपास 8 टक्के वेळा. शिवाय पहिल्या जागेच्या रेझवर री-रेझ करणाऱ्याचा हात सहसा दमदारच असतो, त्यामुळे गुलामांनी नुसता कॉल करावा.

एक सांगायचं राहिलं: 2025 च्या कायद्याने भारतात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवण्यावर बंदी आहे, आणि त्यात पोकरही येतो. वरचे आकडे तपासायला सिम्युलेशन किंवा खोट्या चिप्स पुरतात.