चौथे स्वातंत्र्य

विद्यापीठांतील राखीव जागांचा प्रश्न निघाला की 'स्वायत्तता' हा शब्द हमखास पुढे केला जातो. राखीव जागा म्हणजे ज्ञानाच्या क्षेत्रात सरकारची ढवळाढवळ, असा त्यामागचा सूर असतो. मग आपल्यातले काही कार्यकर्ते चिडून स्वायत्तताच नाकारतात. मला दोन्ही भूमिका मान्य नाहीत. ही कल्पना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली हे तपासल्याशिवाय तिचा स्वीकार करू नये, आणि धिक्कारही करू नये.

कोणी शिकवावे, काय शिकवावे, कसे शिकवावे आणि कोणाला शिकवावे, हे विद्यापीठाने ठरवावे. चार स्वातंत्र्यांचे हे सूत्र दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन विद्यापीठाचे कुलगुरू टी. बी. डेव्ही यांनी मांडले. ते १९४८ ते १९५५ या काळात त्या पदावर होते. वर्णद्वेषी सरकारला काळ्या विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या विद्यापीठांतून बाहेर काढायचे होते. १९५७ साली केप टाउन आणि विटवॉटर्सरँड येथील विद्वानांनी याच सूत्राच्या आधारे एका पुस्तिकेतून त्याला विरोध केला. तरीही १९५९ साली कायदा झालाच. त्याचे नाव मोठे मासलेवाईक होते: 'विद्यापीठीय शिक्षण विस्तार कायदा'! मंत्र्याच्या परवानगीवाचून काळ्या विद्यार्थ्याला तेथे प्रवेश उरला नाही. म्हणजे 'कोणाला शिकवावे' हे चौथे स्वातंत्र्य मुळात दार उघडे ठेवण्यासाठी उच्चारले गेले होते.

पण या उदारमतवादाची मर्यादाही पाहिली पाहिजे. वर्गात प्रवेश, पण नृत्याच्या कार्यक्रमांत आणि खेळाच्या मैदानावर भेद, अशी त्या विद्यापीठांची रीत होती. पुढे १९६८ साली केप टाउन विद्यापीठाने आर्ची मफेजे या काळ्या मानववंशशास्त्रज्ञाची अध्यापकपदी निवड केली आणि सरकारचा दबाव येताच ती रद्द केली. विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीत ठिय्या दिला, पण निर्णय बदलला नाही. 'कोणी शिकवावे' हे पहिले स्वातंत्र्य विद्यापीठाने आपल्याच हाताने सोडून दिले. पुढे त्याने माफी मागितली, पण तोवर कित्येक दशके लोटली होती.

तेच सूत्र १९५७ साली अमेरिकेत पोचले. पॉल स्वीझी या मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञाच्या खटल्यात न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी त्या पुस्तिकेचा आधार घेतला. १९७८ साली बाकी खटला आला. डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी ठेवल्या होत्या. न्यायमूर्ती पॉवेल यांच्या निर्णायक मताने त्या रद्द झाल्या. मात्र विद्यार्थिवर्गात विविधता हवी म्हणून विद्यापीठ वंशाचा विचार करू शकते, असे त्यांनी चौथ्या स्वातंत्र्याच्या आधारे म्हटले. समाजाने केलेल्या अन्यायाची भरपाई हे कारण त्यांना पुरेसे वाटले नाही. त्या न्यायालयातले एकमेव काळे न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी आपल्या स्वतंत्र मतात गुलामगिरीचा सारा इतिहास मांडला, पण तो निकालाचा पाया झाला नाही. माझ्या मते खरी मेख येथे आहे. काळ्या विद्यार्थ्याचा हक्क गेला आणि त्या जागी विद्यापीठाची मर्जी आली. त्याने यायचे ते वर्गाची शोभा वाढवण्यासाठी! मर्जीवर मिळालेले टिकत नाही. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यांत ती वाटही न्यायालयाने जवळजवळ बुजवली.

बाबासाहेबांचा मार्ग निराळा होता. १९२७ साली मुंबई विधिमंडळात मुंबई विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी, उच्च शिक्षण गरजूंच्या दारी नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत कार्य आहे, अशी भूमिका घेतली आणि विद्यापीठाच्या कारभारात मागासवर्गीयांना स्थान मागितले. १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रासचा जातवार प्रवेशाचा आदेश रद्द झाला, तेव्हा ते कायदामंत्री होते. त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने १५(४) हे कलम आले. विशेष तरतुदीला विद्यापीठाच्या औदार्याचा नव्हे, राज्यघटनेचा आधार मिळाला.

आपल्याकडे चौथे स्वातंत्र्य दार लावण्यासाठीही वापरले गेले. २००५ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात, विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांवर सरकार राखीव जागा लादू शकत नाही, असा निकाल लागला. त्यावर ९३वी घटनादुरुस्ती करावी लागली. २०१९ च्या कायद्याने केंद्रीय संस्थांतील अध्यापकपदे राखीव केली, पण काही 'उत्कृष्ट' संस्थांना वगळले. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांतलीच. उत्कृष्टता आणि आपण एकत्र नांदू शकत नाही, असे कायद्यानेच गृहीत धरावे काय?

तरीही स्वायत्तता आपल्याला हवीच. वर्गात फुले-आंबेडकर शिकवणाऱ्या अध्यापकावर उद्या सरकार किंवा झुंड चालून आली, तर तीच त्याची ढाल आहे. काय आणि कसे शिकवावे, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य सत्तेविरुद्ध असते, म्हणून ते जपायचे. कोणाला आत घ्यावे, हे स्वातंत्र्य जेव्हा बाहेर ठेवलेल्या माणसाविरुद्ध वापरले जाते, तेव्हा ते स्वातंत्र्य राहत नाही, वतन होते. आणि वतनाशी आपले भांडण जुने आहे.