पवनार

पवनार : वर्धा जिल्ह्यातील धाम नदीकाठचे प्राचीन गाव. वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे आठ किमी. विनोबा भावे यांच्या परंधाम आश्रमामुळे आज ते देशभर ठाऊक असले, तरी त्याचा लौकिक विनोबांच्या कितीतरी आधीचा. आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील सरकारांच्या यादीत पवनारचे नाव आहे. म्हणजे ज्या वर्ध्याहून आता लोक घटकाभरासाठी इकडे येतात, ते शहर वसण्याच्या कितीतरी आधी या मुलखाचा कारभार पवनारच्या नावाने चाले.

त्याही मागे गेले की वाकाटक लागतात. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात नंदिवर्धनाहून राजधानी हलवून प्रवरपूर वसवले. माहाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ हे रामकथेवरील काव्य त्याच्या नावावर आहे. हे प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये येथे उत्खनन केले. पुढे रामटेकजवळच्या मनसर येथील उत्खननाने या मताला तगडा प्रतिस्पर्धी उभा केला आणि प्रवरपूर नेमके कोणते, हा वाद आजही मिटलेला नाही. राजधानीचा निकाल काहीही लागो, वाकाटककालीन शिल्पे पवनारच्या मातीतून निघाली, ही गोष्ट मात्र पक्की.

ती निघाली कशी, याची हकिगत पुरातत्त्वखात्याच्या कागदांत नव्हे, विनोबांच्या प्रकृतीत सापडते. १९३८ मध्ये त्यांचे वजन ८८ पौंडांवर आले होते. हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी जा, असा आग्रह होत असताना त्यांनी निवडले पवनार. नदीकाठच्या टेकाडावर जमनालाल बजाज यांचा बंगला होता. मोटार धामच्या पुलावर आली तेव्हा त्यांनी ‘संन्यस्तं मया’ म्हणत सगळ्या कामांचा भार मनातून उतरवला, असे ते पुढे सांगत. मग औषध म्हणून हाती घेतली कुदळ. पहिल्या दिवशी पाचच मिनिटे खणायचे, मग रोज थोडे थोडे वाढवत जायचे. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड झाले.

या खणण्यातच शेतात मूर्ती लागू लागल्या. त्यांतली एक भरत-राम भेटीची म्हणून ओळखली गेली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली दिलेल्या गीताप्रवचनांत विनोबांनी नेमक्या याच भेटीचे चित्र कुणीतरी काढावे, अशी इच्छा बोलून दाखवली होती. त्यामुळे हा दगड त्यांच्यासाठी निव्वळ पुरावशेष राहिला नाही, तो पूजेत आला. या शिल्पांत कोणते प्रसंग कोरले आहेत याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. पाहणाऱ्याने ती आश्रमात जिथे आहेत तिथेच सावकाश पाहावीत. वाकाटककालीन शिल्प पूजेत आणि रोजच्या वावरात आहे, असा योग महाराष्ट्रात फारसा नाही.

आधुनिक इतिहासातही गावाने आपला वाटा उचलला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांना निवडले होते, जवाहरलाल नेहरूंना दुसरा. चार दिवसांनी जिल्ह्यातल्याच देवळीत त्यांना अटक झाली. १९५० मध्ये येथे कांचनमुक्तीचा प्रयोग चालला : पैशावाचून जगायचे, बैलांवाचून शेती करायची, विहिरीचा रहाटही माणसांनीच फिरवायचा. ८ मार्च १९५१ रोजी विनोबा येथून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले. पुढे तेलंगणात एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदानाचा जन्म झाला. भूदानाच्या पदयात्रेनंतर ते पवनारला परतले ते १९६४ मध्ये. जुलै १९७७ मध्ये सत्ता गमावलेल्या इंदिरा गांधी त्यांना भेटायला येथे आल्या. अन्न, पाणी व औषध सोडून विनोबांनी १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीत, येथेच देह ठेवला.

आश्रम मात्र त्यांच्या आठवणींचे संग्रहालय झाला नाही. २५ मार्च १९५९ रोजी स्थापन झालेले ब्रह्मविद्या मंदिर हा स्त्रियांचा सामूहिक साधनेचा आश्रम आहे. येथे कुणी प्रमुख नाही. निर्णय सर्वसंमतीने होतात. सूतकताई, शेती, स्वयंपाक, झाडलोट सगळ्यांच्या वाट्याला, आणि ‘मैत्री’ हे हिंदी मासिकही येथूनच निघते. प्रार्थनेच्या वेळी आलेल्याने गुपचूप बसावे, फोटोंची घाई करू नये.

धामचे पात्र आश्रमाच्या पायथ्याशीच आहे. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी येथे विसर्जित झाल्या. नदीपात्रातली छत्री त्याची खूण. दर वर्षी १२ फेब्रुवारीला येथे सर्वोदय मेळा भरतो. पुराच्या दिवसांत छत्रीला पाणी लागते, तेव्हा काठावरूनच पाहिलेले बरे. वर्ध्याचे गणपतीही याच नदीत येतात, आणि विसर्जनानंतरचे पात्र पाहून कुणालाही हळहळ वाटेल.

आसपासचा मुलूख काळ्या जमिनीचा : कापूस, तूर, सोयाबीन. पांढऱ्या, काटक गौळाऊ गुरांची जात मूळची याच भागातली. शेताच्या बांधाशी ती दिसली तर नजर खिळते. सेवाग्राम जवळच आहे. गांधीजी तिथे १९३६ मध्ये राहायला आले, तेव्हा त्या खेड्याचे नाव शेगाव होते. नागपूरच्या दिशेने याच रस्त्यावर केळझरचा सिद्धिविनायक लागतो. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असे गावकरी सांगतात. हिंगणीकडे वळले की बोर धरण व बोर अभयारण्य. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेले हे जंगल जेमतेम १३८ चौ. किमी. आहे, पण वाघ बाळगून आहे.

वर्धा व सेवाग्राम ही दोन्ही रेल्वे स्थानके सोयीची असून वर्ध्याहून एसटी मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा दुपारी नदीकाठी उभे राहण्यात काही अर्थ नाही. परतताना वर्ध्यात गोरस भांडारात थांबून गोरसपाक घ्यावा. साजूक तुपातला हा खुसखुशीत प्रकार वर्धेकर पाहुण्याच्या हाती दिल्याशिवाय त्याला गाडीत बसू देत नाहीत.