पाणी मागणारा देव

आपल्या कार्यकर्त्यांत एक वाक्य सर्रास चालतं: "ते काय, भाकरीपायी बाटलेले!" नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती महार-मांगांबद्दल हे बोललं जातं. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर मिशनच्या मंडळ्यांत माणसं वाढली, हे खरं. पण मी विचारतो, भाकर काय हलकी गोष्ट आहे? आणि नुसत्या भाकरीसाठीच माणूस गेला असता, तर पाऊस पडल्यावर परत आला असता. पुष्कळजण आले नाहीत. का आले नाहीत? हा इतिहासाचा प्रश्न आहे, टिंगलीचा नव्हे.

मी बौद्ध. देव मानत नाही. तरी आपल्याच रक्ताची माणसं ज्या देवाला जवळचा म्हणाली, तो त्यांना जवळचा का वाटला, हे समजून घेणं मला भाग आहे.

आपल्या बापजाद्यांचा देव लांब होता. चोखोबाच्या कथेत विठ्ठल त्याच्यासंगं ढोरं ओढतो. पण तो कथेत. प्रत्यक्षात चोखोबा महाद्वाराबाहेर. १३३८ साली मंगळवेढ्याला भिंतीचं काम करताना ती अंगावर पडून मेला, आणि समाधीही मिळाली ती पायरीपाशी. पंढरीचं देऊळ अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडलं. देव गाण्यात जवळ, पायाखालच्या जमिनीवर लांब.

हे लांबपण सगळ्यात आधी शाईनं मांडलं ते एका मांगाच्या पोरीनं. मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली. १८५५ साली तिचा महार-मांगांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. वेद जर बामणांचेच, तर आमचा ग्रंथ कोणता, आमचा धर्म कोणता, असं तिनं थेट देवालाच विचारलं. आणि तो निबंध छापला कुणी? अमेरिकन मराठी मिशनच्या पत्रानं. हे मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, आणि 'ज्ञानोदय' १८४२ साली नगरातच सुरू झालं.

या मिशननं आणलेला देव कसा होता? सुताराच्या घरात वाढलेला. कोळ्यांच्यात उठबस करणारा. शिष्यांचे पाय धुणारा. 'इम्मानुएल' या त्याच्या नावाचा अर्थच आमच्याबरोबर असलेला देव. त्याच्या प्रार्थनेत माणसं मोक्षाआधी रोजची भाकर मागतात, आणि मराठीत तो शब्दही 'भाकर'च आला. पुरणपोळी नाही आली.

योहानाच्या शुभवर्तमानात एक गोष्ट आहे. भर दुपारी येशू विहिरीपाशी बसलाय. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. तिच्या जातीच्या भांड्याला यहुदी शिवत नसत. येशू तिला म्हणतो, मला प्यायला पाणी दे. बाईच चकित होते: तू माझ्या हातचं पाणी मागतोस? दोस्तांनो, ही गोष्ट महारवाड्यात ऐका. विहिरीच्या कडेला तासन्‌तास उभी राहून, कुणी वरून ओतील तर घागर भरणारी आपली आजी ही गोष्ट ऐकतेय असं समजा. तिला 'अवतार' नि 'त्रैक्य' समजावून सांगायची गरज नव्हती. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्याच्या किती आधी तिनं ऐकलं, की देव तिच्या हातचं पाणी मागतो!

पण देव जवळ आला, माणसं आली का? काही आली. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० साली. बामणाघरच्या त्या बाईला सोवळं सोडताना किती ओढाताण झाली, ते 'स्मृतिचित्रे'त तिनंच लिहिलंय. नवरा बाटल्यानं तिचं सोवळं सुटलं नाही. जात माणसानं केलेली, हे तिचं तिला पटलं तेव्हा सुटलं. मी तर म्हणेन, देव जवळ असल्याचा खरा पुरावा हाच.

काही मात्र आली नाहीत. तमिळनाडूत वडक्कनकुळम् इथं वेल्लाळ आणि नाडार यांना वेगळं बसवायला चर्चच दुभागलं होतं. मधली भिंत पडली १९१० साली. एकच प्रभू, मध्ये भिंत!

बाबासाहेबांनी बोट ठेवलं ते इथंच. १९३८ साली सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढं बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांचं मोठेपण मान्य केलं. पण दक्षिणेत चर्चमध्ये जात पाळता, आणि समाज म्हणून अन्यायाविरुद्ध कधी लढला नाहीत, हेही तोंडावर सुनावलं. त्यांच्या हयातीनंतर, १९८९ मध्ये, छापल्या गेलेल्या लिखाणात ते आणखी खोल जातात. अस्पृश्याच्या पतनाला भोवतालची समाजरचना कारण आहे, हे त्याला सांगायचं सोडून मिशनरी त्याला पापाची शिकवण देतो. मग तो गुडघे टेकतो, मूठ आवळत नाही. जवळचा देव अश्रू पुसतो, पण रडवणारा कोण हे विचारू देत नाही.

१९८१ साली बंगळूरला अरविंद निर्मल यांनी ख्रिस्ती ईश्वरशास्त्रालाच आपला प्रश्न विचारला. पुढं त्यातून दलित ईश्वरशास्त्र उभं राहिलं. शंबूकाला मारणारा देव त्यांनी नाकारला, येशूला दलित म्हटलं, आणि देव हाच सेवकाची कामं करणारा, असं मांडलं. धाडस मोठं. पण माझी शंका राहतेच. देवाच्या हाती झाडू दिला की झाडूच पवित्र होतो, आणि आपल्या हातातून सुटत नाही. ढोरं ओढणाऱ्या विठ्ठलानं चोखोबाचं ढोर ओढणं थांबवलं नव्हतं.

बाबासाहेबांनी धम्मात देवाची जागा नीतीला दिली, ती यासाठी. नीती म्हंजे माणसानं माणसाशी कसं वागायचं. तिथं मध्यस्थ नाही, आणि सबबही नाही.

आता आपली परीक्षा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती झालेला महार-मांग आजही बाहेरच. गावानं त्याची जात सोडली नाही, सरकारनं मात्र कागदावर पुसली. त्याच्या या मागणीवर आपल्या सभांत किती ठराव झाले, मोजा. मग आपल्या तालुक्यातल्या मिशनच्या वाडीत जा, म्हाताऱ्यांजवळ बसा, त्यांनी काय ऐकलं नि काय सोसलं ते लिहून घ्या. आणि त्यांच्या हातचं पाणी मागून प्या.