फेऱ्यावांचून पुनरुक्ति

एकच ओळ संगणकाकडून दहा वेळां छापून घ्यावयाची असेल, तर सामान्य संगणक-भाषेंत मोजणीचें एक घर ठेवितात. दर फेऱ्यास त्यांतील आंकडा एकानें वाढतो व दहा भरतांच काम थांबतें. परंतु ज्या भाषेंत एकदां ठरलेलें मूल्य बदलतांच येत नाहीं, तेथें हा फेरा चालावा कसा?

या प्रश्नाचें मूळ गणितांत आहे. अलोंझो चर्च यांनीं १९३० नंतरच्या दशकांत रचिलेल्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्यें केवळ फलनें आहेत. बदलणारें असें कांहींच नाहीं. पुढें जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पवरील १९६० च्या निबंधांत फेऱ्याची जागा पुनरावर्तनानें घेतली. दहा वेळां करणें म्हणजे एकदां करणें व मग तेंच नऊ वेळां करणें; शून्य उरलें कीं थांबणें.

गणनेस एवढें पुरे होतें. छापण्याचें तसें नव्हे. फलनाचें उत्तर एकदां काढलें काय नि दोनदां काढलें काय, सारखेंच. पण ओळ एकदां छापणें व दोनदां छापणें या भिन्न गोष्टी होत. त्यांतून १९९० सालीं जिचा पहिला अहवाल निघाला, ती हॅस्केल भाषा मूल्य लागेल तेव्हांच काढिते. म्हणजे कोणतें काम आधीं होईल याचाही भरंवसा नाहीं. त्या अहवालांत विनंत्यांची एक यादी व उत्तरांची दुसरी, अशी एक व्यवस्था होती. परंतु विनंती करण्यापूर्वींच उत्तर तपासूं गेल्यास प्रोग्रॅम जागींच अडकून पडे.

वाट सांपडली ती युजेनिओ मोज्जी यांच्या १९८९ च्या सिद्धांतांतून. फिलिप वॅडलर यांनीं तो प्रोग्रॅम-रचनेच्या उपयोगास आणिला, आणि १९९३ सालीं सायमन पेटन जोन्स व वॅडलर यांनीं तो छापण्या-वाचण्याच्या कामीं लाविला. कल्पना साधी आहे. पाककृतीचा कागद म्हणजे स्वयंपाक नव्हे. तो दहादां वाचला तरी चूल पेटत नाहीं. तसेंच ‘ओळ छाप’ ही कृति म्हणजे केवळ एक मूल्य. दोन कृती क्रमानें जोडल्या कीं तिसरी कृति होते. दहांची यादी जोडीत गेलें कीं एकच मोठी कृति सिद्ध होते. ती प्रत्यक्ष चालवावयाची, तें काम प्रोग्रॅम चालविणारी यंत्रणा करिते. १९९६ च्या हॅस्केल १.३ मध्यें हीच रीति प्रमाण ठरली.

यांतील लाभ लहान नाहीं. फेरा हा भाषेच्या कर्त्यानें दिलेला ठराविक सांचा असतो. येथें पुनरुक्ति हेंच एक साधें फलन झालें. नवी तऱ्हा हवी असल्यास ज्याची त्यानें दोन ओळींत लिहावी. गणिताची शुद्धता राखूनही जगाशीं बोलतां येतें, हें त्यावरून सिद्ध झालें.