कृष्णविवरांचा अभ्यास विद्यापीठात कसा आला

कृष्णविवरातून प्रकाश बाहेर पडत नाही. पण त्याच्याकडे ओढला जाणारा वायू आत पडण्याआधी भोवती गरगरतो, घर्षणाने कोटीभर अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण फेकतो. अभ्यासकांच्या हाती लागतात ते हे किरण. पृथ्वीचं वातावरण ते वरच्या वर शोषून घेतं, म्हणून या विद्येचा श्रीगणेशा अग्निबाणांवर झाला. १९६२ साली रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांनी सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत टिपला. १९६४ च्या उड्डाणात हंस तारकासमूहातला सिग्नस एक्स-१ सापडला. कृष्णविवर असल्याचा पहिला भक्कम दावा पुढे त्याच्याबद्दलच झाला.

भारतात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने साठच्या दशकात हैदराबादहून बलून सोडून हे काम हाती घेतलं. बलून काय, उपग्रह काय, कारभार मोठ्या संस्थांचा. विद्यापीठात एम.एस्सी.चे तास घेणाऱ्या प्राध्यापकाला त्यात शिरकाव मिळणं कठीण.

ही कोंडी फोडायला विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था स्थापन केली. जयंत नारळीकर टाटा संस्था सोडून संस्थापक संचालक झाले. उभारणीत नरेश दधीच आणि अजित केंभावी सोबत होते. डिसेंबर १९९२ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते संस्थेचं लोकार्पण झालं. देशभरच्या विद्यापीठांतल्या शिक्षकांना इथे सहयोगी म्हणून घेतलं जातं. त्यांनी सुट्टीत यायचं, राहायचं, ग्रंथालय आणि संगणक वापरायचे, आणि परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांना कामाला लावायचं.

क्ष-किरण खगोलशास्त्राला ही पद्धत छान मानवली, कारण इथे दुर्बिणीपाशी जाऊन बसावं लागत नाही. उपग्रहाकडून येते ती मुळात एक यादी: कोणता फोटॉन, कोणत्या क्षणी, किती ऊर्जेचा, शोधकाच्या कोणत्या चौकटीत पडला. आयुकाच्या कार्यशाळेतला धडा इथूनच सुरू होतो. यादी वेळेनुसार मांडली की स्रोताची चमक कशी चढते-उतरते ते दिसतं. ऊर्जेनुसार मांडली की वर्णपट मिळतो. चमक सेकंदाच्या लहानशा अंशात बदलत असेल, तर किरण फेकणारा भाग प्रकाश तेवढ्या वेळात ओलांडू शकेल इतका लहान असला पाहिजे, हे विद्यार्थी स्वतः गणित करून ताडतो.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताचा खगोल-उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅट कक्षेत गेला आणि याद्या घरच्या झाल्या. त्यावरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण टिपणाऱ्या उपकरणात १६,३८४ चौकटी आहेत. त्याच्या निरीक्षणांवर प्रक्रिया करणारं केंद्र आयुकात आहे. अ‍ॅस्ट्रोसॅट वापरणाऱ्यांसाठीचा इस्रो आणि आयुकाचा मदत कक्षही इथलाच. तो विद्यापीठांमधून कार्यशाळा घेतो, निरीक्षणाचा प्रस्ताव कसा लिहायचा इथपासून शिकवतो.

याच यादीतून आणखी एक गोष्ट निघते. एखादा फोटॉन एका चौकटीत आदळून शेजारच्या चौकटीत उडतो आणि दोन नोंदी एकदमच पडतात. अशा असंख्य जोड्यांच्या दिशा मोजल्या की किरणांचं ध्रुवीकरण कळतं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सीझेडटीआयने सिग्नस एक्स-१ च्या एका विशिष्ट अवस्थेतच ठळक ध्रुवीकरण दाखवलं. त्या अवस्थेत तिथून निघणाऱ्या झोताचा वाटा मोठा असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. ती निरीक्षणं आज खुली आहेत. जिल्ह्याच्या गावच्या कॉलेजातही ती उतरवून घेता येतात. वाचायला शिकवणारा माणूस मात्र तिथे हवा, आणि आयुका काढली ती त्याच्यासाठीच.