रुपयाला नंबर असतो, नाण्याला नसतो

आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोललो जवळपास तसाच ठेवलाय, फक्त मधलं अडखळणं काढलंय.

वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं. नंबरात ७८६ असलेली नोट. ‘घरात असेल तर लाखो मिळतील, फोटो पाठवा’ हा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेलाच असेल. फोटो पाठवला की पलीकडचा माणूस फार खूश होतो. मग हळूच म्हणतो, रजिस्ट्रेशनचे थोडे पैसे भरा. मग कमिशन. मग टॅक्स. म्हणजे माल विकणार तुम्ही आणि पैसेही तुम्हीच द्यायचे! या धंद्यात रिझर्व्ह बँकेचं नाव आणि लोगो इतका वापरला गेला की ४ ऑगस्ट २०२१ ला बँकेला पत्रक काढावं लागलं: आम्ही असल्या व्यवहारात नाही, आणि आमच्या वतीने चार्जेस घ्यायला कुणालाही नेमलेलं नाही.

पण नाणी ऑनलाइन घेऊच नका, असं मी सांगणार नाही. मी स्वतः घेतो. तुमसर किंवा लाखांदूरच्या पोराला शिवराई हातात घ्यायची असेल, तर पूर्वी नागपूर नाहीतर मुंबई गाठावी लागायची. आता बोली फोनवरून लागते. प्रश्न एवढाच, की वस्तू पाहिलेली नाही, विकणारा ओळखीचा नाही, मग मधल्या काळात पैसे कुणाच्या हातात असतात? गंमत म्हणजे हा प्रश्न इंटरनेटच्या खूप आधीचा आहे.

पोस्टाने त्याचं उत्तर १८७७ मध्ये दिलं होतं. व्हीपीपी, म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्ट. पार्सलवर किंमत लिहिलेली असायची. पोस्टमन दारात आला की आधी पैसे मोजायचे, मग पार्सल हातात. पैसे विकणाऱ्याला मनीऑर्डरने जायचे. ती सोय १८८० ची. आपल्या आजोबांच्या पिढीने पुस्तकं, घड्याळं, औषधं याच रस्त्याने मागवली. छंदवाले लोकही व्यापाऱ्याकडून छापील यादी मागवायचे, त्यावर खुणा करायचे आणि वाट बघायचे. व्हीपीपीत खोट एकच होती: पार्सल उघडायचं ते पैसे दिल्यानंतर. आत वीटही निघू शकायची. पण पैसे पोस्टातून जात होते, पावती होती, पार्सलवर शिक्का होता. तक्रार करायला एक खिडकी होती.

सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत पिअर ओमिड्यार याने लिलावाची एक साइट काढली. तीच पुढे ईबे झाली. तिथे सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला! बिघडलेल्या वस्तूचाही कुणीतरी संग्राहक असतो, हे तेव्हाच कळलं. आपल्याकडे २००० मध्ये बाझी डॉट कॉम आली, २००४ मध्ये ती ईबेने विकत घेतली आणि ईबे इंडिया झाली. तिची ‘पैसापे’ नावाची सोय मला फार हुशारीची वाटते. तुम्ही पैसे भरले तरी ते लगेच विकणाऱ्याला मिळत नसत, मध्ये थांबत. माल पोचला की पुढे जात. व्हीपीपीची खोट इथे बरीचशी भरून निघाली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये ईबे इंडिया बंद झाली आणि ती थांबण्याची जागाही गेली.

तोवर यूपीआय आलं होतं. २०१६ चं ते बाळ, पण नोटबंदीनंतर भंडाऱ्याच्या भाजीबाजारात पोचायला त्याला वेळ लागला नाही. आज छोट्या किमतीच्या नाण्यांचे किती तरी लिलाव व्हॉट्सअॅप आणि फेसबुकच्या ग्रुपवर होतात. फोटो, सुरुवातीची किंमत, ‘बोली रात्री नऊला बंद’. आठ एकोणसाठला शेवटची बोली टाकणारे पठ्ठे असतातच. जिंकलात की क्यूआर कोड येतो आणि दोन सेकंदात पैसे पार. मध्ये पोस्टमन नाही, पैसापे नाही. नाणं उद्या पार्सलने निघेल, या शब्दावर सगळा कारभार. मोठ्या लिलावगृहांत कॅटलॉग असतो, बिल असतं. कमिशन जास्त वाटतं, पण ते या मधल्या जागेचं भाडं आहे असं मी समजतो. ग्रुपवर घ्यायचं तर पहिल्यांदा छोटी रक्कम. आणि विकत असाल तर एक पक्कं: पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याकडून चाललेत. गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

पिनपेक्षाही चांगलं कुलूप मात्र इतिहासाचं आहे. ग्रुपवर फिरणारं ते नाणं आठवा: एका बाजूला राम, सीता, हनुमान, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, वन आना’. काही लाख मागतात त्याचे. आता बघा. सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी कंपनीने १८३५ च्या कायद्यानंतर पाडली. एक आण्याचं स्वतंत्र नाणं आलं १९०७ मध्ये, तेव्हा कंपनीचं राज्य संपून पन्नास वर्षं होत आली होती. आणि १८१८ साली आपला भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य इंग्रजांनी खालसा केलं १८५४ मध्ये. काही तुकड्यांवर तर १६१६ साल असतं! त्या वर्षी कंपनी सुरतेत वखार घालून व्यापार करत होती. राज्य कुठलं आणि आणा कुठला?

इथपर्यंत विकत घेण्याची बाजू झाली. आपल्या जिल्ह्याला दुसरीही बाजू आहे, कारण इथे नाणी मातीत आहेत.

पवनी तुम्हाला माहीतच आहे. वैनगंगेच्या काठचं गाव, जुना तट आणि खंदक. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केलं, आणि जगन्नाथ टेकडी व चांदकापूर इथे बौद्ध स्तूप उघडे झाले. भार वंशातला राजा भगदत्त आपल्याला पवनीच्या शिलालेखातून कळतो. महाक्षत्रप रूपिअम्म याचं नाव असलेला स्तंभही इथलाच. एवढ्या जुन्या वस्तीत नांगराला, पायाच्या खड्ड्याला नाणं लागणं नवल नाही. पूर्वी असं तांबं भांड्याच्या धातूत वितळायचं, आणि भंडारा तर पितळेच्या भांड्यांचं गाव. आता ते फोटो काढून ग्रुपवर जाऊ शकतं. वितळण्यापेक्षा बरं, असं वाटेल. मला अर्धंच बरं वाटतं.

कारण सांगतो. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला, आताच्या वाशिम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सुमारे १६०० सातवाहन नाणी सापडली. पोटिनची, म्हणजे तांबं, शिसं, कथिल अशा मिश्र धातूची. दिसायला अगदीच सामान्य. वा. वि. मिराशींनी ती तपासली आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं समोर आली. पुराणांतल्या राजांच्या यादीत ती नाहीत. एका ढिगाने आपल्या विदर्भाला राजे मिळवून दिले. त्याआधी, १९०६ मध्ये, नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली होती, क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. कोण जिंकलं हे तिथे ढीग मोजून कळलं. हेच ढीग सुट्टे सुट्टे, शंभर ग्रुपवर, शंभर लोकांना विकले गेले असते तर? प्रत्येक नाणं वाचलं असतं आणि गोष्ट गेली असती.

कायदा यावर गप्प नाही. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे: जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. कळवणाऱ्याला मोबदल्याची तरतूद आहे, लपवणाऱ्याला शिक्षेची. आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. ते खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, त्याचा धंदा करायला परवाना लागतो. तेव्हा ‘कॅनडावाल्याने शिवराईला चांगली किंमत दिलीय, पाठवू का?’ याचं उत्तर नाही असं आहे. सापडलेलं नाणं सांगायला लोक घाबरतात, हे मला समजतं. शेतात खोदकाम सुरू होईल, चकरा माराव्या लागतील. ही भीती घालवायचं काम खरं तर सरकारचं आहे. दहा रुपयांची ती मर्यादा १८७८ मधली, तिथेच अडकलेली.

यूपीआयने पाठवलेल्या प्रत्येक रुपयाला बारा आकडी नंबर मिळतो. कुठून निघाला, कुठे गेला, कोणत्या सेकंदाला, सगळं नोंदलेलं. त्याच व्यवहारात आलेलं दोन हजार वर्षांचं नाणं मात्र बिनपत्त्याचं येतं. विकणाऱ्याला ‘कुठलं आहे?’ विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘जुन्या कलेक्शनमधलं, भाऊ.’

म्हणून मी पाकिटावर लिहितो: कुणाकडून, तारीख, किंमत, यूपीआयचा नंबर, लिस्टिंगच्या फोटोची प्रिंट आत. खाली एक ओळ असते, ‘सापडल्याचं ठिकाण’. बहुतेक पाकिटांवर ती रिकामी आहे. मुंबईच्या टांकसाळीतल्या राणीछाप रुपयावर ती रिकामी राहिली तर फार बिघडत नाही. सातवाहनांच्या नाण्यावर ती रिकामी दिसली की आता मी बोलीच लावत नाही, आणि ती नाणी बघायला नागपूरच्या अजबबंगल्यात जातो. तिकिटाला पैसे कमी लागतात.